नाशिकच्या नावाचा हिरा

मराठी मुलखातील गावांची नावे परदेशी बाजारात सहसा ऐकू येत नाहीत. पण लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्क येथील जवाहिरे गेली दोनशे वर्षे आपल्या एका गावाचे नाव घेत आले आहेत. ते गाव म्हणजे नाशिक. इंग्रजांच्या जिभेवर त्याचे ‘नासाक’ झाले आणि एका हिऱ्याला ते कायमचे चिकटले. कोहिनूरची गोष्ट शाळकरी पोरालाही येते. पण ज्या हिऱ्याला आपल्या गावाचे नाव आहे, जो त्र्यंबकेश्वराच्या दागिन्यांतला म्हणून ओळखला जातो आणि जो मराठी राज्य बुडाले त्याच सुमारास हातचा गेला, त्याची हकिगत आपल्या घरांतून फारशी सांगितली जात नाही. ती आज सांगतो.

शेतीच्या पानांत हिरा कशाला, असे कोणी म्हणेल. पण हिऱ्याच्या व्यवहारात शेतातले पुष्कळ आहे. वजनच घ्या. हिरा कॅरेटवर मोजतात. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत कॅरोब नावाचे झाड होते. त्याच्या शेंगेतले बी जवाहिरे तराजूत टाकीत आणि त्यावरून कॅरेट हा शब्द आला. आपल्याकडे सोनाराने नेमके हेच केले, फक्त बी वेगळे घेतले. कुंपणावरच्या वेलीची लाल-काळी गुंज. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. बी म्हटले की कुठले भरीव, कुठले पोचट. त्यामुळे गावोगावचे कॅरेट थोडे थोडे वेगळे असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते २०० मिलिग्रॅमवर पक्के झाले. त्या आधीचे लंडनचे कॅरेट किंचित जड होते. गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची धरतात. हा हिशेब ध्यानात ठेवा, कारण नाशिकच्या हिऱ्याची सगळी कहाणी त्याच्या वजनात आहे. तो आपल्या देशातून गेला तेव्हा ८९.७५ जुन्या कॅरेटचा होता. म्हणजे सुमारे दीडशे गुंजा, दीड तोळ्याहून थोडा वरच.

हा हिरा गोवळकोंड्याचा समजला जातो. नाव गोवळकोंड्याचे असले तरी किल्ल्यात हिरे निघत नसत. खाणी होत्या कृष्णेच्या खोऱ्यात, बाजार होता गोवळकोंड्याला. म्हणून सगळा माल ‘गोवळकोंडी’. आपल्या भागातला गूळ ज्या पेठेत विकला जातो त्या पेठेच्या नावाने पुढे ओळखला जातो, तसेच हे. ब्राझीलमध्ये १७२० च्या दशकात हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा पुरवला तो जवळजवळ सगळा हिंदुस्थानने, आणि त्यातले नामांकित हिरे बहुतेक या एकाच खोऱ्यातले.

माळशिरसकरांनी नकाशा काढून पाहावा. नीरा नदी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. अलीकडच्या काठावर आपल्या तालुक्यातले संगम गाव. तेच पाणी पंढरपूरवरून कर्नाटकात जाते, रायचूरच्या बाजूला कृष्णेत शिरते आणि पुढे आंध्रात कोल्लूर नावाच्या जागेवरून वाहते. कोल्लूर ही त्या खाणींतली सर्वांत नाणावलेली. आज ती जागा पुलिचिंतल धरणाच्या फुगवट्याखाली आहे. म्हणजे आपल्या बांधावरून वाहून गेलेल्या पाण्याचा काही अंश त्या खाणीवर उभा असतो, असे म्हटले तर चूक होणार नाही.

सतराव्या शतकात झाँ बातिस्त ताव्हर्निए नावाचा फ्रेंच व्यापारी तिथे गेला होता. त्याने खाणीचे जे वर्णन लिहून ठेवले ते वाचताना मला तर खळ्याचीच आठवण होते. पुरुष खणत, बायका आणि मुले माती डोक्यावरून वाहून आणीत. बांध घातलेल्या जागेत ती माती पसरून वर पाणी सोडीत. चिखल वाहून गेला की राहिलेली वाळू उन्हात वाळवीत. मग ती टोपलीत घेऊन, धान्य उफणतात तशी उफणीत. ढेकळे राहिली तर लाकडी मुसळाने फोडून पुन्हा उफणीत. शेवटी जमिनीवर पसरून, ओळीने बसून, गव्हातला खडा निवडावा तसा हिरा निवडीत. फरक एवढाच की इथे गहू टाकून द्यायचा आणि खडा ठेवायचा! कोल्लूरला ६०,००० माणसे कामाला असल्याचे ताव्हर्निए लिहितो. अशाच दुसऱ्या एका खाणीवरच्या मजुराची कमाई त्याने वर्षाला ३ होन अशी दिली आहे, आणि मोठा खडा सापडलाच तर बक्षीस म्हणून डोक्याला बांधायला कापड, थोडे पैसे आणि तांदूळ-साखर. ज्यांच्या हातांनी हे हिरे मातीतून वेगळे केले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कुठे नोंदलेले नाही. पुढे मालक झालेल्यांची नावे मात्र ओळीने आहेत.

कृष्णेच्या खोऱ्यातला हा हिरा गोदावरीच्या उगमापाशी, त्र्यंबकेश्वराच्या चरणी कसा गेला, याला परंपरेखेरीज दुसरा आधार नाही. परंपरा सांगते की तो शेकडो वर्षे देवाकडे होता. सध्याचे काळ्या पाषाणाचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतले आणि ते पुरे व्हायला तीस-एक वर्षे लागली. पेशवाईत देवस्थानाचा आणि राज्यकर्त्यांचा संबंध इतका जवळचा होता की देवाचे जवाहीर आणि पेशव्यांचे जवाहीर यांत अडचणीच्या वेळी भिंत राहिली नसावी.

आणि अडचणीची वेळ आलीच. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात पुणे पडले आणि दुसरा बाजीराव फौजेसह फिरत राहिला. पुढे इंग्रज आणि मागे इंग्रज अशी अवस्था. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव, १० फेब्रुवारीला सातारा गेला आणि मग आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मोहोळच्या बाजूला आष्टी येथे, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जनरल स्मिथच्या घोडदळाने पेशव्यांना गाठले. सेनापती बापू गोखले तिथे पडले. छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. आष्टी आपण तलावामुळे ओळखतो. पण मराठी राज्याचा कणा मोडला तो त्या गावाच्या शिवारात. एप्रिलमध्ये त्र्यंबकचा किल्ला पडला, मे महिन्यात मन्रोने सोलापूर घेतले आणि ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालाला ८ लाख रुपये पेन्शन ठरले आणि तो गंगेकाठी ब्रह्मावर्ताला गेला.

या धामधुमीत हिरा कर्नल ब्रिग्ज या अधिकाऱ्याच्या हाती आला. त्याने तो गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जकडे दिला आणि हेस्टिंग्जने दख्खनच्या लुटीचा भाग म्हणून विलायतेला पाठवला. लुटीला त्या काळी इंग्रज कायद्यात चांगले जागा करून दिलेली होती. युद्धात मिळालेला माल राजाच्या नावाने जमा करायचा, विकायचा आणि फौजेत हुद्द्याप्रमाणे वाटायचा. दख्खनच्या या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज सेनापतींमध्येच वर्षानुवर्षे कज्जे चालले. कोणाची फौज जवळ होती, कोणाची लांब, कोणाला किती हिस्सा! बांधाच्या हद्दीवरून भांडणारे भाऊ परवडले.

लंडनच्या बाजारात या हिऱ्याला भाव किती आला? रंडेल अँड ब्रिज नावाच्या पेढीने तो सुमारे ३,००० पौंडांना घेतला. तेव्हाचा पौंड आठ ते दहा रुपयांचा. म्हणजे तीस हजार रुपयांच्या आत-बाहेर. बाजीरावाला रोजची पेन्शन पडत होती २,१९१ रुपये. दोन आठवड्यांच्या पेन्शनीत तो आपला हिरा परत घेऊ शकला असता! भाव इतका कमी येण्याचे कारण व्यापाऱ्यांनी असे दिले की हिऱ्याचे घाटकाम चांगले नाही, त्यात चमक दिसत नाही.

इथे दोन मुलखांच्या दृष्टीतला फरक समजून घेतला पाहिजे. आपला जुना कारागीर हिरा कापताना वजन वाचवण्याकडे पाही. देवाने जेवढा दिला तेवढा राखायचा, फक्त वरून घासून डाग झाकायचे. युरोपचा कारागीर उलट करी. प्रकाश आत शिरून उलटून बाहेर आला पाहिजे, मग त्यासाठी निम्मा हिरा गेला तरी चालेल. रंडेल अँड ब्रिजने नाशिकच्या हिऱ्यावर काम करून घेतले तेव्हा हात जरा आवरता ठेवला. मूळ हिंदुस्थानी कारागिराच्या रेषा शक्य तेवढ्या पाळल्या. तरी ८९.७५ चा हिरा ७८ कॅरेटांच्या वर जेमतेम राहिला. हा पहिला घाव.

१८३७ मध्ये हा हिरा वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला. त्याने तो कुठे बसवला असेल? आपल्या मिरवणुकीच्या तलवारीच्या मुठीत. लढाईत न वापरायच्या तलवारीला लढाईत लुटलेला हिरा. त्या घराण्यात तो नव्वद वर्षे राहिला.

१९२७ मध्ये तो पॅरिसच्या मोबुसाँ या जवाहिऱ्याकडे आणि तिथून विक्रीसाठी अमेरिकेत गेला. तिथे एक मोठी गमतीची गोष्ट झाली. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूला अमेरिकेत जकात नव्हती. आणणाऱ्यांनी सांगितले, हा पुरातन हिरा, जकात माफ करा. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने हरकत घेतली. प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टात आणणारे जिंकले, वरच्या कोर्टात हरले. वरच्या कोर्टाने म्हटले, हिरा जुना खरा, पण जुना म्हणजे कलावस्तू नव्हे. दागिन्यात बसवायचा तो माल, जकात भरा. ज्या हिऱ्याच्या मालकीचा निवाडा कोणत्याही कोर्टाने कधी केला नाही, त्याच्या जकातीचा निवाडा असा दोन-दोन कोर्टांनी केला.

१९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पॅरिसमध्ये विकत घेतला. हा मोठा धाडसी जवाहिऱ्या. गोवळकोंड्याच्याच निळ्या ‘होप’ हिऱ्याचाही तो मालक होता आणि १९५८ मध्ये तो हिरा त्याने वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला साध्या रजिस्टर टपालाने पाठवून दिला! पण नाशिकच्या हिऱ्यावर त्याने दया केली नाही. त्याने तो चौकोनी घाटात पुन्हा कापला. कुठे डाग नाही, रेघ नाही असा निर्मळ हिरा निघाला, मात्र वजन राहिले ४३.३८ कॅरेट. म्हणजे ७१ गुंजा. पाऊण तोळा. पुढे १९७० च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अमेरिकेतल्या एका मालवाहतूक कंपनीच्या मालकाने हा पाऊण तोळ्याचा दगड ५ लाख डॉलरना घेतला. तेव्हाच्या साडेसात रुपये दराने ३७ लाख ५० हजार रुपये. वजन निम्म्याहून खाली आले आणि किंमत कितीतरी पटींनी वर गेली. त्यानंतर तो लेबनॉनचे जवाहिरे रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहात गेला.

परदेशी पुस्तकांत या हिऱ्याला ‘मूर्तीचा डोळा’ असेही म्हणतात. देवाच्या मूर्तीच्या कपाळातून गोऱ्या शिपायाने हिरा उपटला, अशी चित्रे त्यांना आवडतात. ज्यांनी त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेतले आहे त्यांना यात काय चुकले ते लगेच कळेल. तिथे डोळे असलेली मूर्तीच नाही. शाळुंकेच्या खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा, एवढे कोणीतरी ऐकले आणि बाकीचे रचले असावे. आपल्या बाजूनेही अशा कथा कमी नाहीत. ज्याच्या ज्याच्या हाती हिरा गेला त्याचा सत्यानाश झाला, असे छातीठोकपणे सांगितले जाते. मला ते पटत नाही. वेस्टमिन्स्टरचे घराणे इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांत गणले गेले आणि विन्स्टनची पेढी जगभर पसरली. हिरा शाप देत असता तर लुटारूंना तो पुरवला नसता.

कोहिनूर मुंबईहून गेला

कोहिनूरची कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून फक्त दोन गोष्टी सांगतो. २९ मार्च १८४९ च्या लाहोर तहाने तो इंग्रजांकडे गेला, तेव्हा सही करणारे महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचे होते. गव्हर्नर जनरल डलहौसीने हिरा कमरपट्ट्यात शिवून स्वतः मुंबईपर्यंत आणला. मुंबईच्या खजिन्यात तो सुमारे दोन महिने पडून होता आणि एप्रिल १८५० मध्ये ‘मीडिया’ नावाच्या बोटीने निघाला. म्हणजे कोहिनूरने हिंदुस्थान सोडला तो मुंबई बंदरातून.

दुसरी गोष्ट त्याच्या कापणीची. १८५२ मध्ये लंडनला तो नव्याने कापला तेव्हा पहिला पैलू पाडायचा मान ड्यूक ऑफ वेलिंग्टनला दिला गेला. हा म्हातारा कोण? १८०३ मध्ये जालना भागातील आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. ३८ दिवस काम चालले. १८६ कॅरेटांचा कोहिनूर १०५.६ कॅरेटांचा झाला. नाशिकच्या हिऱ्याचे जे झाले तेच.

बडोद्याचे सरबत

मराठी राजघराण्यांत हिऱ्यांचा सर्वांत मोठा शोक केला तो बडोद्याच्या गायकवाडांनी. १८५३ मध्ये ब्राझीलमध्ये एका गुलाम स्त्रीला २६१ कॅरेटांचा कच्चा हिरा सापडला. त्याबद्दल तिला गुलामीतून मुक्ती आणि पेन्शन मिळाल्याचे नमूद आहे. या व्यवहारात सापडणाऱ्याला न्याय मिळाल्याचे असे उदाहरण क्वचितच वाचायला मिळते. कापून तो १२८ कॅरेटांचा झाला, ‘दक्षिणेचा तारा’ या नावाने गाजला आणि सुमारे ८०,००० पौंडांना खंडेराव गायकवाडांनी घेतला. नाशिकचा हिरा ३,००० पौंडांना गेला होता, हे लक्षात घ्या. रयतेच्या सारावसुलीतून परदेशी हिऱ्यांवर असा पैसा गेला.

खंडेरावांमागून त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याने पपनसाचे सरबत तोंडाला लावले आणि चव बिघडलेली वाटून टाकून दिले. तळाला गाळ होता. तपासात त्यात सोमल आणि हिऱ्याची भुकटी असल्याचे सांगण्यात आले. मल्हाररावांवर आरोप आला. चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ बसले. तिघा इंग्रजांनी दोषी म्हटले. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव या तिघांनी आरोप सिद्ध मानला नाही. इंग्रजांनी मग अंदाधुंद कारभाराचे कारण दाखवून १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केले.

गादीसाठी वारस शोधला तो नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे या खेड्यात. शेती करणाऱ्या घरातला बारा वर्षांचा गोपाळ. २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव झाला. ज्या जामदारखान्यात ‘दक्षिणेचा तारा’ होता त्याच्या किल्ल्या अशा रीतीने एका शेतकऱ्याच्या मुलाकडे आल्या. त्यांनी हिरे विकले नाहीत, पण पैशाची वाट वेगळी काढली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. तो हिराही पुढे परदेशी गेला.

या सरबतामुळे एक प्रश्न आठवला. एका गावच्या महिला मेळाव्यात मी माती परीक्षणाबद्दल बोलत होतो. बोलणे संपल्यावर एक आजी म्हणाल्या, “साहेब, मातीचं कळलं. पण हिरकणी गिळली तर माणूस मरतं, हे खरं का?” कथा-कादंबऱ्यांतून पुष्कळांनी हिरकणी गिळून जीव दिलेला असतो, तेव्हा आजींचा प्रश्न चूक नव्हता. उत्तर असे, की हिरा विष नाही. तो पोटात विरघळतच नाही. फेअरच्या पेल्यात जिवावर बेतणारी वस्तू होती ती सोमल.

हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. चुलीतला कोळसा, गुऱ्हाळातल्या चुलवणाची काजळी आणि हिरा यांत तोच एक कार्बन आहे. फरक फक्त त्याचे कण एकमेकांना कसे बांधले गेले यात. जमिनीखाली दीडशे किलोमीटरच्या आसपास, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत हिरा तयार होतो आणि ज्वालामुखीच्या नळीतून वर फेकला जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ लॅव्हॉझिएने १७७२ मध्ये भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखवला. मागे राखसुद्धा उरली नाही. सगळ्याचा कार्बन डायऑक्साइड वायू झाला. उसाच्या फडात पाचट पेटवले की त्यातला कार्बन नेमका असाच हवेत जातो. पाचट जाळू नका, कुजवा, हे सांगण्यात माझी अर्धी नोकरी गेली. हिरा जाळणारा लॅव्हॉझिए जगात एकच झाला, पाचट जाळणारे मात्र दर हंगामात भेटतात.

आणखी एक समजूत काढून टाकावी. खरा हिरा घणाखाली फुटत नाही, असे सांगतात. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, हे खरे. पण लाकूड जसे रेषेवर घाव बसला की चिरते, तसा हिराही ठरावीक दिशेने दुभंगतो. कारागीर त्याच गुणाचा उपयोग करून तो फोडतो. तेव्हा लेकीच्या लग्नातली अंगठी ऐरणीवर तपासायला जाऊ नका. हल्ली कारखान्यातही हिरे तयार होतात. तेही कार्बनचेच असतात, नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत आणि खाणीतल्या हिऱ्यापेक्षा बरेच स्वस्त मिळतात. सोन्याचा हॉलमार्क दागिन्यातल्या सोन्याबद्दल सांगतो, खड्याबद्दल नाही. खड्याचे प्रमाणपत्र वेगळे मागावे आणि बिलावर खड्याचे वजन निराळे लिहून घ्यावे.

शेतात सापडणारे हिरे

आपल्या महाराष्ट्रातही हिऱ्याची खाण होती. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडचा उल्लेख अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. आज तिथे फक्त किल्ला पाहायला मिळतो. आंध्रात कर्नूल-अनंतपूरकडच्या काही गावांत मात्र पहिला पाऊस पडून माती धुपली की लोक शेताशेतांतून मान खाली घालून फिरू लागतात. एखाद्याला हिरा सापडतो, त्याचे नाव पेपरात येते. बाकीचे पेरणीच्या दिवसांत लोकांची राने तुडवून रिकाम्या हाताने घरी जातात. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात सरकार थोडे शुल्क घेऊन छोटे तुकडे खणायला देते. सापडलेला हिरा सरकारी कचेरीत जमा करायचा, लिलाव होतो आणि सरकारी हिस्सा कापून बाकी रक्कम खणणाऱ्याला मिळते. २०२४ च्या जुलैत तिथे एका मजुराला १९.२२ कॅरेटांचा हिरा मिळाला. ताव्हर्निएने पाहिलेल्या डोक्याच्या कापडापेक्षा ही रीत पुष्कळ बरी. मात्र आपल्या राज्यात जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीखालच्या खनिजावर हक्क सरकारचा आहे, एवढे विहीर खणताना माहीत असावे.

परत येईल का?

हा प्रश्न कोहिनूरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये सरकारतर्फे तिथे आधी असे सांगण्यात आले की हिरा चोरलेला नाही, बळाने नेलेला नाही, दिलेला आहे. त्यावर ओरड झाली, तेव्हा तो सामोपचाराने आणायचा प्रयत्न करू असे सरकारने जाहीर केले. २०१७ मध्ये न्यायालयाने प्रकरण संपवले. दहा वर्षांच्या पोराने तहावर केलेली सही म्हणजे देणगी, हे मला तरी मान्य नाही. आपल्याकडे अज्ञानाच्या सहीने सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

नाशिकच्या हिऱ्याच्या मागे तर तहसुद्धा नाही. तो लुटीचा माल म्हणून गेला आणि नेणाऱ्यांनी स्वतःच तसे लिहून ठेवले आहे. पण हक्क सांगायचा कोणापुढे? पुरातन वस्तूंचा आपला कायदा १९७२ चा. त्या आधी देशाबाहेर गेलेल्या वस्तूंपर्यंत त्याचा हात पोचत नाही. कोहिनूर निदान एका राजघराण्याच्या मुकुटात आहे, मागायला दार तरी आहे. नाशिकचा हिरा एका खासगी हातातून दुसऱ्या हातात गेलेला. अलीकडे एक वाट दिसली आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात आली, तेव्हा २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुमारे ४७ लाख रुपये मोजून ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. आपलीच वस्तू पैसे देऊन घ्यावी लागली, याचे वाईट वाटणारे लोक मला भेटले. मला त्यात वावगे वाटत नाही. सावकाराकडे गेलेली जमीन आपल्या आजोबांनी अशीच सोडवून घेतली.

तलवार मात्र गेली तशी आली. मूठ, पाते, पात्यावरची अक्षरे, सगळे जागेवर. नाशिकच्या हिऱ्याचे तसे होणार नाही. उद्या तो लिलावात आला आणि कोणी आणलाच, तरी हाती येतील त्या ७१ गुंजा. त्र्यंबकच्या मुलखातून गेलेल्या दीडशेंपैकी बाकीच्या गुंजा परदेशी कारागिरांच्या चाकाखाली पीठ होऊन गेल्या आणि त्याबरोबर आपल्या जुन्या कारागिराने पाडलेले पैलूही गेले.